काकांचं म्यान

काकांनी भलंमोठं रिव्हॉल्व्हर घेतलं ही बातमी ऍरिझोनातल्या फीनिक्सच्या आसपासच्या मराठी घरांमध्ये पोचायला घरोघरून डबे आणून केलेली दोन पोटलक जेवणं पुरली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तेव्हा आम्ही मोजकेच लोक. कोणी म्हणालं, शेजाऱ्याशी वाजलं असेल. कोणी म्हणालं, इतकी वर्षं इथे राहिल्यावर माणसाच्या अंगात काउबॉय शिरायचाच. एका डॉक्टरीणबाईंनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, काकूंचं आणि त्यांचं बरं चाललंय ना गं? खरं कारण मला एकटीला ठाऊक होतं आणि ते मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की बाबांनो, रिव्हॉल्व्हर घेणं ही त्यातली सोपी गोष्ट होती. ते दुकानात जाऊन तासाभरात झालं. ते ठेवायचं कशात, यात दोन महिने गेले.

मी त्यांच्या ऑफिसात नकाशे काढायची. लग्न करून फीनिक्सशेजारच्या चँडलरला आले, नवरा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात सकाळी जायचा तो सात वाजता उगवायचा. घरात बसून मला वेड लागायची पाळी आली तेव्हा काकूंनीच काकांना सांगितलं, या पोरीला कुठेतरी चिकटवा. काका होते भूगर्भशास्त्रज्ञ. वय पंचावन्नच्या पुढे, उंची माझ्याएवढीच, अंगावर मांस म्हणून नाही. आमच्या छोट्या कंपनीचं काम म्हणजे वाळवंटात विखुरलेल्या जुन्या विहिरी शोधायच्या, त्यांत पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं आणि नकाशावर चढवायचं. मोजायचे काका, चढवायची मी. आठवड्यातले चार दिवस ते एकटे जीप घेऊन माळावर. हो, माळावरच. डेझर्ट हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

शब्दांच्या बाबतीत माणूस असाच हट्टी. ते दोन-दोन पुरुष उंच निवडुंग बघायला लोक विमानाने येतात, त्यांना हे 'मंडळी' म्हणायचे. सकाळी विहिरीवर पोचले की हात वर करून, काय मंडळी, असं विचारूनच काम सुरू. विहिरीत दगड टाकायचे आणि डुबुक ऐकू येईपर्यंत एक, दोन, तीन मोजून खोली काढायचे, मग टेप सोडायचे, आणि दोन्हींत हातभर जरी फरक आला तरी टेपवर संशय घ्यायचे. ऑफिसात सगळे मला ऐकून त्यांना काकाच म्हणायला लागले. त्यावरून आमच्या मेक्सिकन ड्रिलरला हसू आवरेना. शेवटी त्याने सांगितलं की स्पॅनिशमध्ये काका म्हणजे लहान मुलाची शी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दारावरच्या पाटीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत काका असं लिहून घेतलं. लोकांना एक शब्द तरी आयुष्यभर लक्षात राहील, म्हणाले.

त्यांचा एक ठरलेला नियम होता. आधी ठरवायचं, मग विचार करायचा. उलटं केलं तर माणूस ठरवतच नाही, असं त्यांचं म्हणणं. या नियमाने त्यांनी अमेरिकेला यायचं ठरवलं होतं, घर घेतलं होतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे लग्नही केलं होतं. काकू म्हणायच्या, विचार करायचं यांचं अजून चालूच आहे.

तर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काका एका पडक्या पवनचक्कीपाशी विहीर मोजत होते. तिथे कोणीतरी सोडून दिलेली तीन कुत्री माजून राहिली होती. इथे लोक कुत्रं नकोसं झालं की गाडीतून माळावर नेऊन सोडतात आणि ती टोळी करून जगतात. काकांकडे शस्त्र म्हणून होती काळी छत्री. छत्रीने त्यांनी पहिल्या कुत्र्याला थोपवलं, दुसऱ्याने पोटरी फोडली, आणि काका पवनचक्कीच्या शिडीवर चढले. कुत्री खाली बसून राहिली. एकशे दहा डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात हा माणूस चार तास त्या लोखंडी शिडीवर होता. शेवटी जवळच्या रँचवाल्याने पाहिलं म्हणून वाचले. पोटरीला टाके पडले, रेबीजची इंजेक्शनं झाली, आणि आमच्या साहेबाने त्यांच्या जीपची किल्ली काढून घेतली.

साहेब वाईट माणूस नव्हता. ऍरिझोनातच जन्मलेला, सहा फुटांच्या वर, पायात काउबॉय बूट, बोलणं तोलूनमापून. त्याने काकांना समोर बसवून सांगितलं की एकट्या माणसाला असं पाठवून मला झोप येणार नाही. दोन माणसं पाठवायला जमत नाही. तेव्हा तुम्ही आता ऑफिसात बसा, आकडे तपासा, फील्डवर तरुण माणूस जाईल. काका म्हणाले, मी शस्त्र घेऊन जाईन. साहेब म्हणाला, शस्त्र घेणं आणि ते वेळेला हातात येणं यात फरक आहे. ऑक्टोबर संपायच्या आत मला दाखवा. पाठीवर सामान, अंगात थकवा आणि समोर कुत्रं असताना तुम्ही ते नीट काढू शकता हे दिसलं तर किल्ली तुमची. नाही दिसलं तर टेबल तुमचं.

त्या दिवसापासून काका माझ्या शेजारच्या टेबलावर बसले. बाई गं, ते दिवस! तीस वर्षं उघड्यावर हिंडलेला माणूस, आधी मराठवाड्यात आणि मग इथे, तो एसीच्या वाऱ्यात मफलर गुंडाळून आकड्यांवर आकडे ओढतोय. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. दर अर्ध्या तासाला उठून खिडकीशी जायचे. बाहेर पार्किंगशिवाय काही दिसत नव्हतं. एकदा मी म्हटलं, काका, सावलीत बसून पगार मिळतोय, लोक यासाठी नवस बोलतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन्सिलला टोक करायला लागले. मग म्हणाले, "अगं, मी इथे बसलो तर वर्षभरात जाईन. हे मी रागाने सांगत नाही. मला माझं माहीत आहे."

रिव्हॉल्व्हर त्यांनी आठवडाभरात घेतलं. दुकानदार आटोपशीर काहीतरी दाखवत होता. काकांनी काचेतलं सगळ्यात मोठं मागितलं, वीतभर नळीचं, हातात घेतलं की मनगट खाली जाणारं. शस्त्र दिसलं पाहिजे म्हणजे वापरावं लागत नाही, असा त्यांचा हिशेब. इथे उघडपणे अंगावर बाळगायला कायद्याची आडकाठी नव्हती, आणि काका सिटिझन झालेले होते. साहेबाने स्वतः दोन रविवार त्यांना जुन्या खडीच्या खाणीत नेऊन शिकवलं. नेम बरा होता. एका जागी उभं राहून, श्वास रोखून, दोन्ही हातांनी धरून काका डबे पाडायचे.

पण अंगावर बाळगायचं कसं? दुकानातून आणलेलं कापडी होल्स्टर त्यांनी कमरेला लावलं. काकांना कंबर अशी नव्हतीच. चार पावलं चालले की पट्टा, होल्स्टर आणि पँट सगळं खाली. जीपमध्ये बसले की नळी सीटमध्ये रुतायची. पाठीवर सॅक चढवली की तिचा कमरेचा पट्टा नेमका मुठीवर यायचा. विहिरीवर वाकले तेव्हा रिव्हॉल्व्हर निसटून कठड्यावर आदळलं, बरं की रिकामं होतं. काकूंनी त्या दिवशी फक्त एवढंच म्हटलं की विहिरीत पडलं असतं तर मी सत्यनारायण घातला असता.

"आपल्याला म्यान पाहिजे," काका म्हणाले. "चामड्याचं. मापाचं. जीनगर शोध."

चँडलरच्या बाहेर, कापसाची शेतं जिथे सुरू व्हायची तिथे, एक म्हातारा घोड्यांची खोगिरं शिवायचा. जीनगर म्हणजे हाच की. मी माझ्या जुन्या गाडीतून काकांना तिथे घेऊन गेले. त्याचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड आणि पुढच्या अंगणात मेस्कीटचं मोठं झाड. झाडाखाली लाकडी टेबल, चामड्याचे तुकडे, तेलाचा वास. म्हातारा बोलायचा अगदी कमी. काकांनी आधी विचारलं, कातडं कुठल्या जनावराचं? तो म्हणाला, बैलाचं. काकांनी थोडा विचार केला, पायातल्या बुटांकडे पाहिलं आणि चालेल म्हणाले.

दुकानात मापं घेतात तशी त्याने घेतलीच नाहीत. त्याने काकांना अंगणात हिंडवलं. रिकामं रिव्हॉल्व्हर एकेका जुन्या होल्स्टरमध्ये घालून काकांच्या अंगावर बांधायचं आणि सांगायचं, आता कुंपण ओलांडा. आता माझ्या ट्रकमध्ये बसा, उतरा. आता त्या हौदावर वाका. सॅक चढवा, पळा. ऊन मी म्हणत होतं आणि आमचे काका खोगीरवाल्याच्या अंगणात शिवाशिवी खेळल्यासारखे पळत होते. कमरेवरचं बाद झालं. पोटावर आडवं लावायचं असतं ते वाकताना बरगडीत टोचलं. काखेतलं काकांनी बघताक्षणी नाकारलं, म्हणाले, हे लपवायला असतं, मला काय लपवायचंय?

शेवटी म्हाताऱ्याने आतून छातीवरचं आणलं. शिकारी लोकांचे वाटाडे वापरतात तसलं. रिव्हॉल्व्हर छातीवर तिरकं बसतं आणि एक रुंद पट्टा डाव्या खांद्यावरून मागे जाऊन उजव्या काखेखालून पुढे येतो. सॅकच्या आड येत नाही, बसताना टोचत नाही, वाकलं तरी पडत नाही. काकांनी ते घातलं, कुंपण ओलांडलं, ट्रकमध्ये बसले, उतरले आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला!

"बघ, बघ," ते मला म्हणाले, "सव्य!"

ज्यांनी घरात मुंज पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जानवं रोज असतं ते डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली, त्याला सव्य म्हणायचं. पितरांचं काही असलं, श्राद्ध, तर्पण, की ते उलटं घ्यायचं, उजव्या खांद्यावरून डावीकडे. ते अपसव्य. तेवढं काम झालं की लगेच परत सव्य. जिवंत माणसाने अपसव्य राहायचं नसतं. काकांनी शर्टाची गुंडी काढून म्हाताऱ्याला जानवं दाखवलं आणि समजावून सांगितलं की हे बघा, पाच हजार वर्षांपूर्वीच आमच्याकडे हा पट्टा ठरलेला आहे. म्हातारा बराच वेळ ते सूत बघत राहिला. मग म्हणाला की हे फार बारीक आहे, याला वजन झेपणार नाही.

मापं घेता घेता त्याने टेबलावरचा मेणाचा गोळा एकदम काकांकडे फेकला. काकांनी झेलला. म्हातारा म्हणाला, तुम्ही डावरे आहात.

काका एवढे भडकलेले मी कधी पाहिले नव्हते. मी उजव्याच हाताचा आहे, त्यांनी ठणकावून सांगितलं. मी उजव्या हाताने लिहितो, उजव्या हाताने जेवतो, उजव्या हाताने गोळी झाडतो. तुम्ही उजव्या हाताचं म्यान करा. म्हाताऱ्याने खांदे उडवले आणि कागदावर लिहून घेतलं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, काका, झेललात मात्र डाव्याने. त्यांनी रेडिओ लावला. त्यांना रेडिओ मुळीच आवडत नसे.

म्यान सुरेख झालं. दसऱ्याला काकूंनी रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवून झेंडूचं फूल वाहिलं, म्यानाला मात्र देवघराच्या बाहेरच थांबवलं. काका रोज सकाळी परसात उभं राहून सराव करायचे. उजवा हात छातीवर, बंद उघडायचा, मूठ, बाहेर. पुन्हा. शंभर वेळा. मी दोनदा पाहिलं आणि मला वाटलं, झालं की. कुठे अडतंय!

ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी साहेबाने खडीच्या खाणीत परीक्षा ठेवली. मी गेले कारण काकांना न्यायला दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला राहवलं नसतं. साहेबाने रिव्हॉल्व्हर आधी स्वतः उघडून रिकामं आहे ना पाहिलं. सॅकमध्ये दगड भरले. काकांना खाणीच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या, मग थांबवलं आणि म्हणाला, काढा. काकांनी उजव्या हाताने झकास काढलं. पुन्हा. पुन्हा झकास. साहेब मान डोलवत गप्पा मारू लागला, पाऊस, विहिरी, असंच काहीबाही. काका बोलण्यात रंगले आणि तेवढ्यात साहेबाने पायाजवळचा पत्र्याचा डबा लाथेने उडवला आणि ओरडला, कुत्रं!

काकांचा डावा हात आधी गेला. मी डोळ्यांनी पाहिलं. डावा हात छातीवर गेला, मूठ उलट्या बाजूला, हात मुरगळला, मग उजवा मदतीला धावला, दोन हातांत ओढाताण झाली आणि ती वीतभर नळी बाहेर आली तेव्हा आधी काकांच्या स्वतःच्या कोपरावरून आणि मग थेट माझ्या पोटावरून फिरली. रिकामं होतं, तरी मी पटकन खाली बसले. साहेबाने पुढे होऊन ते काढून घेतलं. आणखी दोनदा करून पाहिलं, आडून, बेसावध असताना. दोन्ही वेळा तेच. विचार करायला वेळ मिळाला की उजवा, दचकले की डावा.

साहेबाने काही सुनावलं नाही. फक्त म्हणाला की मी हे होऊ देऊ शकत नाही. सोमवारी ऑफिसात या.

परत येताना काका शेजारी बसले होते. मांडीवर म्यान, त्यावर दोन्ही हात. मला वाटलं आता रेडिओ लावतील. ती नळी डोळ्यांसमोरून जाईना म्हणून मी गाडी कडेला घेतली. तेव्हा ते बोलले.

"मी डावराच होतो. आठ वर्षांचा होईपर्यंत. मग मुंज ठरली. वडील म्हणाले, मुंजीच्या आधी हात सुधारला पाहिजे, डाव्या हाताने संध्या करणार का हा? आठ महिने डावा हात सुतळीने करगोट्याला बांधलेला. सकाळी उठलं की बांधायचे, निजताना सोडायचे. मारलं कधीच नाही. मुंजीच्या दिवशी मातृभोजनाला बसलो आणि पहिला घास मी आपण होऊन उजव्या हाताने उचलला. वडील रडले गं. सगळ्यांसमोर. मला वाटलं, जिंकलो."

मी विचारलं, मग?

"मग काय? त्या हाताला मी नंतर कधी काही सांगितलं नाही. आणि हा अजून तिथेच आहे, बघ."

मला इतका संताप आला. गेलेल्या माणसावर रागावून काय होणार, पण मी रागावले. आठ वर्षांच्या पोराचा हात करगोट्याला बांधायचा! मी तसं बोललेही. काकांनी मला थांबवलं. वडिलांनी वाईट नव्हतं केलं, म्हणाले, त्यांना माझी लाज वाटू नये असं वाटत होतं. मग मांडीवरचं म्यान हातात घेऊन एकदम म्हणाले, गाडी जीनगराकडे घे. मी म्हटलं, आत्ता? त्यांनी ठरवलेलं होतं. विचार नंतर होणार होता.

म्हातारा झाडाखाली खोगिराला टाके घालत होता. काकांनी म्यान टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, तुमचं बरोबर होतं. डाव्या हाताचं करा. म्हाताऱ्याने, मी सांगितलंच होतं, असा चेहराही केला नाही. आत जाऊन त्याने डावऱ्यांचं एक जुनं म्यान आणलं आणि काकांच्या अंगावर चढवलं. डाव्या हाताने काढायचं म्हणजे सगळंच आरशातल्यासारखं फिरतं. मूठ डावीकडे आली. आणि पट्टा आला उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली.

काकांनी मान खाली घालून त्या पट्ट्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. अपसव्य. आत शर्टाखाली जानवं सव्य, आणि वरून हा चार बोटं रुंद पट्टा उलटा. काका उन्हात नुसते उभे राहिले. म्हातारा विचारत होता की कुठे टोचतंय का. मला कळत होतं कुठे टोचतंय ते, पण मी कशाला मध्ये तोंड घालू? कमरेवरचं बाद, आडवं बाद, काखेतलं बाद. हे एवढंच उरलं होतं. हे घालून रोज हिंडायचं म्हणजे या माणसाच्या दृष्टीने रोज कोणीतरी गेल्यासारखं हिंडायचं. आणि सोमवारी ते टेबल.

त्यांनी हळूच डावा हात उचलला. नुसता छातीवर नेला. मग म्हणाले, मराठीतच, कोणाला उद्देशून ते मला माहीत नाही.

"अपसव्य वडिलांसाठीच करतात ना. मग करू या."

आणि म्हाताऱ्याला इंग्रजीत म्हणाले, शुक्रवारपर्यंत द्या.

सोमवारी ते ऑफिसात टेबलावर बसायला आले नाहीत. साहेबाच्या खोलीत जाऊन सरळ सांगितलं की मी डावरा आहे, आठवणीत नव्हतं, एक शनिवार आणखी द्या. साहेबाला 'आठवणीत नव्हतं' याचा अर्थ लागेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आमच्याकडे होतं असं. त्याने एक शनिवार दिला.

त्या शनिवारी साहेबाने काही कमी ठेवलं नाही. सॅकमध्ये जास्त दगड, पाच फेऱ्या, डबे, आरडाओरड, एकदा तर त्याने मागून येऊन काकांच्या पाठीवरच थाप मारली. दर वेळी डावा हात गेला आणि दर वेळी रिव्हॉल्व्हर सरळ, समोर, जमिनीकडे नाही की माझ्याकडे नाही. नऊ वेळा मोजलं मी. मग साहेबाने गोळ्या भरायला सांगितल्या आणि लांब दगडावर तीन डबे ठेवले. काकांनी डाव्या हातावर जोर घेऊन ते धरलं, उजवा नुसता आधाराला. दोन पडले. तिसऱ्याच्या खालचा दगड काकांनी फोडला. साहेब म्हणाला, कुत्रं दगडावर बसलेलं असतं तर पळालंच असतं. मग त्याने खिशातून जीपची किल्ली काढली आणि काकांच्या हातावर ठेवली.

मी काकांना घरी सोडायला आत गेले. त्यांनी म्यान उतरवलंच नव्हतं, रिव्हॉल्व्हर फक्त सॅकमध्ये होतं. काकू स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांच्या माहेरी भिक्षुकी. नव्या म्यानाचं काकांनी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. त्यांची नजर सरळ उजव्या खांद्यावर गेली, तिथून त्या पट्ट्यावरून डावीकडे उतरली, आणि त्यांचा रंग उडाला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं कोणी नाही," काका म्हणाले. "मी चाललोय परवा, विहिरींवर. पाच वाजता डबा लागेल."

आणि पाणी घ्यायला त्यांनी डावा हात पुढे केला. काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो हात असा पुढे आलेला पाहिला नव्हता. मला वाटलं त्या आता म्हणणार, उजवा करा. त्यांनी पेला त्या हातात दिला.